‘धरणे’ : एका क्रियापदाचा अर्थविस्तार आणि त्याचे सामाजिक संदर्भ

प्रस्तावना

‘राज्यातील धरणे भरली’, ‘धरणग्रस्तांनी धरणे धरले’ आणि ‘मुलाने आईचा हात धरणे स्वाभाविक आहे’ ही तीन वाक्ये मराठी वाचकाला कोणत्याही अडचणीविना समजतात. पहिल्या वाक्यातील ‘धरणे’ हे ‘धरण’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन आहे. दुसऱ्या वाक्यातील ‘धरणे’ हे मागणी पदरात पडेपर्यंत एका जागी ठाण मांडून बसण्याच्या कृतीचे नाव असून ते एकवचनी आहे. तिसऱ्या वाक्यात तोच शब्द क्रियावाचक आहे. लेखन एक, उच्चार एक, मूळ धातूही एक. परंतु अर्थ तीन. पाणी अडविणारी भिंत, त्या भिंतीमुळे गाव गमावलेल्या माणसाचे आंदोलन आणि लेकराच्या बोटांची पकड या तीन अगदी भिन्न गोष्टींना भाषेने एकाच शब्दाच्या छत्राखाली आणले आहे.

मराठीतील अतिपरिचित क्रियापदांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी जाते. अवघड, दुर्मीळ वा लुप्त होत चाललेल्या शब्दांची नोंद आवर्जून घेतली जाते. मात्र ‘करणे’, ‘घेणे’, ‘ठेवणे’, ‘धरणे’ यांसारखे शब्द सर्वांनाच येतात, या समजुतीमुळे ते दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात ‘धरणे’ या क्रियापदाचे मूळ, जवळच्या अर्थाच्या क्रियापदांहून असलेले त्याचे वेगळेपण, शरीर, शेती, मन व विचार या क्षेत्रांतील त्याचा अर्थविस्तार आणि अखेरीस सार्वजनिक जीवनातील त्याचे उपयोग यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. कोणी कोणाला धरले आहे, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नसून तो सामाजिकही आहे, असे या विवेचनातून दाखवावयाचे आहे.

व्युत्पत्ती आणि शब्दकुल

‘धरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘धृ’ या धातूपासून प्राकृताच्या वाटेने मराठीत आले आहे. मूळ धातूचा अर्थ धारण करणे, आधार देणे, स्थिर ठेवणे असा आहे. याच धातूपासून धारणा, आधार, धरणी, धरा, धृती हे शब्द सिद्ध झाले. जे धारण करते ते ‘धर्म’ ही व्युत्पत्तीही परंपरेने मान्य केलेली आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील आठ अंगांपैकी सहावे अंग ‘धारणा’ हे होय. चित्त एका ठिकाणी स्थिर करणे असा तेथे त्याचा अर्थ आहे. गिरिधर, भूधर, चक्रधर, मुरलीधर या नावांतील उत्तरपदही हेच आहे.

मराठीने या धातूचे दोन स्तर जपले आहेत. एक तत्सम स्तर व दुसरा तद्भव स्तर. ‘धारण करणे’, ‘धारक’, ‘धारणा’ हे शब्द शासनव्यवहारात, कायद्यात व शास्त्रात रुळले. शिधापत्रिकाधारक, खातेधारक, जमीनधारणा ही त्याची उदाहरणे होत. १९६१ च्या महाराष्ट्र शेतजमीन कमाल मर्यादा कायद्याच्या नावातही ‘जमीनधारणा’ हा शब्द आहे. याउलट ‘धरणे’ हे क्रियापद स्वयंपाकघरात, शेतात, अंगणात आणि बाजारात वावरत राहिले. जमीन ‘धारण’ केली जाते. कासरा मात्र ‘धरला’ जातो. एकाच धातूच्या दोन रूपांमध्ये कागद आणि हात यांची अशी वाटणी झालेली दिसून येते.

भगिनीभाषांशी तुलना केल्यास मराठीचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. हिंदीत ‘धरना’ या क्रियापदाचा कल ‘ठेवणे’ या अर्थाकडे झुकला आहे. हिंदी भाषक एखादी वस्तू खाली ठेवण्यास सांगतानाही हेच क्रियापद वापरू शकतो. गुजरातीत ‘धरवुं’ या क्रियापदाला पुढे करणे, अर्पण करणे अशी छटा आहे. बंगालीत ‘धरा’ हे क्रियापद पकडणे या अर्थाने सर्रास चालते. तेथे गाडीदेखील ‘धरली’ जाते. कोंकणीत ‘धरप’ हे रूप आहे. मराठीत मात्र हातातील वस्तू सुटू न देणे, तिच्याशी असलेला संबंध टिकवून ठेवणे हा अर्थ केंद्रस्थानी राहिला. पुढील सर्व अर्थविस्तार या केंद्राभोवतीच झालेला आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) तसेच दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२ ते १९३८) या धातूची व त्याच्या परिवारातील शब्दांची दखल घेतलेली आहे. तथापि कोशात अर्थ एकाखाली एक क्रमांकाने मांडले जातात. त्या अर्थांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते, याचा शोध वाचकाला स्वतःच घ्यावा लागतो.

‘धरणे’, ‘पकडणे’ आणि ‘बांधणे’

समानार्थी म्हणून सांगितले जाणारे शब्द सहसा पूर्णपणे समानार्थी नसतात. ‘धरणे’ व ‘पकडणे’ यांच्याबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. पकडली जाणारी वस्तू बहुधा निसटणारी वा पळणारी असते. चोर पकडतात, चेंडू पकडतात, फुलपाखरू पकडतात. पकडण्याची क्रिया क्षणात पूर्ण होते. ‘धरणे’ या क्रियेला मात्र कालावधी असतो. छत्री धरतात, दिवा धरतात, विवाहसमयी वधूवरांच्या मध्ये अंतरपाट धरतात. अंतरपाट पळून जाणारा नसतो. मंगलाष्टके संपेपर्यंत तो तसाच राहावा, एवढीच अपेक्षा असते. म्हणून तेथे ‘अंतरपाट पकडला’ असे म्हणणे मराठी कानाला खटकते.

अलीकडे शहरी बोलण्यात ‘जरा पिशवी पकड’, ‘माझा हात पकड’ अशी वाक्ये वारंवार ऐकू येतात. हिंदीच्या सहवासाचा हा परिणाम असावा. भाषा बदलतात आणि त्या बदलाबद्दल केवळ खेद व्यक्त करून काही साध्य होत नाही, हे खरे. परंतु या बदलात नेमके काय हरवते, हे जाणून घेणे आवश्यक आहे. ‘हात पकडला’ या वाक्यात जबरदस्तीची शक्यता डोकावते. ‘हात धरला’ या वाक्यात सोबतीची. दोन्हींसाठी एकच शब्द उरला, तर हा भेद सांगण्यासाठी प्रत्येक वेळी अधिकचे शब्द खर्च करावे लागतील.

‘बांधणे’ या क्रियापदाशी तुलना केल्यास दुसरा भेद लक्षात येतो. गाय धरली तर धरणाऱ्याला तेथेच उभे राहावे लागते. गाय दावणीला बांधली की त्याचा हात मोकळा होतो. बांधण्यात गाठ, दोरी, खुंटा अशा साधनांवर काम सोपविलेले असते. धरण्यात मात्र धरणारा स्वतःच गुंतून राहतो. वस्तू जितकी धरणाऱ्याच्या हाती, तितकाच धरणाराही वस्तूच्या स्वाधीन असतो. ‘धरबंध’ या जोडशब्दात मराठीने या दोन्ही क्रिया एकत्र आणल्या आहेत. ज्याच्या वागण्याला धरबंध नाही, त्याला आतून आवरणारे काही नाही आणि बाहेरून अडविणारेही काही नाही. ‘धरसोड’ हा जोडशब्द दुसरी बाजू दाखवितो. जे धरले जाते तेच सोडता येते. म्हणून धरण्यात निवड अंतर्भूत असते आणि वारंवार निवड बदलणाऱ्याला धरसोड वृत्तीचा म्हटले जाते.

कारागिरांच्या बोलीत ‘धरणे’ हे चिकटून वा घट्ट बसून राहणे या अर्थानेही येते. भिंत नीट भिजविली नसेल तर गिलावा धरत नाही. लाकूड कुजलेले असेल तर खिळा धरत नाही. पृष्ठभाग तेलकट असेल तर रंग धरत नाही. येथे धरणारा माणूस नसून वस्तूच आहे. तरीही अर्थाचे केंद्र तेच आहे. दोन गोष्टींमधला संबंध सुटता कामा नये.

विभक्तीनुसार बदलणारा अर्थ

‘धरणे’ या क्रियापदाचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी ‘हात’ हे एकच नाम पुरेसे आहे. ‘हात धरणे’ म्हणजे सोबत करणे वा आधार घेणे. ‘हाताला धरणे’ म्हणजे एखाद्याला नेणे किंवा आणणे. लहान मुलाला हाताला धरून शाळेत नेतात, वृद्धाला हाताला धरून जिना उतरवितात. ‘हातात धरणे’ म्हणजे वस्तू प्रत्यक्ष हाताच्या पकडीत असणे. ‘हाताशी धरणे’ म्हणजे स्वतःचा हेतू साधण्यासाठी एखाद्याला जवळ करणे. या प्रयोगाला बहुधा कारस्थानाची छटा असते. शिवाय ‘त्याचा हात धरणारा कोणी नाही’ असे म्हटले की, त्याची बरोबरी करणारा कोणी नाही असा अर्थ होतो. नाम तेच, क्रियापदही तेच. केवळ प्रत्ययाच्या फरकाने वात्सल्यापासून कारस्थानापर्यंतचा प्रवास घडतो.

शरीराच्या इतर अवयवांनीही या क्रियापदाला स्वतंत्र अर्थ दिले आहेत. पाय धरणे म्हणजे शरण जाणे अथवा क्षमा मागणे. बोट धरणे म्हणजे मार्गदर्शन स्वीकारणे. पोटाशी धरणे म्हणजे माया करणे. ‘दम धरणे’ या प्रयोगात शरीर व मन यांची सांधेजोड दिसते. हुतूतूच्या खेळात दम धरणे ही शारीरिक क्रिया होती. व्यवहारात तोच प्रयोग धीर धरणे या अर्थाने रूढ झाला.

शेतीच्या भाषेतील ‘धरणे’

या क्रियापदाचे सर्वांत समृद्ध उपयोग शेतीच्या भाषेत आढळतात. नांगर धरणे, तिफण धरणे, कासरा धरणे हे प्रयोग अवजार अथवा जनावर यांच्या नियंत्रणाशी निगडित आहेत. ‘दारे धरणे’ हा प्रयोग शहरी वाचकाला कदाचित अपरिचित असेल. उभ्या पिकाला पाटाने पाणी देताना एका वाफ्याचे वा सरीचे तोंड फोडून पाणी आत घेणे, तो भाग भिजला की तोंड मातीने बंद करून पाणी पुढील भागात वळविणे, या सबंध कामाला दारे धरणे म्हणतात. येथे दार लाकडाचे नाही आणि ते हातात धरलेलेही नाही. पाण्यावर सतत लक्ष ठेवून खोऱ्याने माती ओढत राहावी लागते. क्षणभर दुर्लक्ष झाले तरी पाणी भलतीकडे जाते. कृषिपंपांसाठी रात्रीच्या पाळीत वीज येते, तेव्हा शेतकऱ्याला थंडीत, अंधारात, सापाकिरडांचे भय बाळगून दारे धरण्यासाठी जावे लागते. बांधण्यात हात मोकळा होतो आणि धरण्यात माणूस गुंतून राहतो, हा वर सांगितलेला भेद या प्रयोगात प्रत्यक्ष दिसतो.

फळबागांच्या भाषेतील ‘बहार धरणे’ हा प्रयोगही असाच अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील डाळिंबाच्या झाडाला वर्षातून साधारण तीन वेळा बहर येऊ शकतो. जानेवारी-फेब्रुवारीतील आंबे बहार, जून-जुलैतील मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहार अशी त्यांची नावे आहेत. तिन्ही बहरांची फळे घेतल्यास झाड थकते व फळांची प्रत घसरते. म्हणून बागायतदार पाण्याची उपलब्धता, बाजारभाव आणि रोगकिडीचा संभव यांचा विचार करून एकच बहार धरतो. त्यासाठी आधी पाणी तोडून झाडाला ताण दिला जातो, पानगळ होऊ दिली जाते आणि नंतर छाटणी, खत व पाणी देऊन हवा तो बहर फुलविला जातो. विदर्भातील संत्रा बागायतदारही आंबिया वा मृग यांपैकी एक बहार धरतात. एक बहार धरणे म्हणजे उरलेले बहर सोडून देणे होय. ‘धरसोड’ हा दोष मानला जात असला तरी धरणे व सोडणे या क्रिया परस्परांवर कशा अवलंबून असतात, हे बागायतदार अनुभवाने जाणतो.

झाडाच्या वाढीचे वर्णन करतानाही हे क्रियापद येते. रोपाने मूळ धरले, वेलीला फळ धरले, अवर्षणातही पिकाने तग धरला असे म्हटले जाते. शास्त्रीय लेखनातील ‘फळधारणा’ व ‘गर्भधारणा’ हे शब्द याच अर्थाची तत्सम रूपे होत. बाळ बाळसे धरते, पाऊस जोर धरतो, चळवळ मूळ धरते. ज्याची सुरुवात नाजूक असते आणि जे केव्हाही मोडू शकते, त्याला स्थैर्य आले की मराठी भाषक ‘धरले’ असे म्हणतो.

मनोव्यापार : ‘येणे’ आणि ‘धरणे’

मनातील भावना व्यक्त करण्यासाठी मराठीत दोन प्रकारची रचना उपलब्ध आहे. ‘मला राग आला’ या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीच्या रूपात असून राग हाच कर्त्याच्या जागी आहे. राग आला, तो येताना त्याने विचारले नाही. ‘मी राग धरला’ या वाक्यात मात्र व्यक्ती कर्ता आहे. राग येणे स्वाभाविक मानले जाते. राग धरणे ही स्वतः केलेली कृती ठरते. म्हणूनच समजूत घालणारी वडीलधारी व्यक्ती ‘राग येऊ देऊ नकोस’ असे क्वचितच म्हणते. ‘राग धरू नकोस’ असे म्हणते. आलेल्या भावनेबद्दल माणसाला दोष दिला जात नाही. धरून ठेवलेल्या भावनेबद्दल मात्र त्याला जबाबदार समजले जाते. नीतिशास्त्राचा एक महत्त्वाचा भेद मराठी वाक्यरचनेने अशा रीतीने सहज सांभाळला आहे.

लाज वाटते, पण ‘काही लाज धर’ असे सुनावले जाते. आशा वाटते आणि आशा धरलीही जाते. आकस, अढी, अबोला, मौन, लोभ, धीर, हेका ही सर्व धरण्याची प्रकरणे आहेत. व्रताच्या क्षेत्रातही एकादशी धरणे, सोळा सोमवार धरणे असे प्रयोग आहेत. यांपैकी कोणतीही गोष्ट एका क्षणात संपणारी नाही. ती रोज, पुन्हा पुन्हा, जाणीवपूर्वक करावी लागते.

याच्या अगदी उलट टोकाला काही कर्ताहीन प्रयोग आहेत. ‘त्याने पिशवी धरली’ या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे. ‘माझी मान धरली’, ‘आजीची कंबर धरली’ या वाक्यांत मात्र कोणी धरले हे सांगितलेले नाही आणि विचारलेही जात नाही. येथे क्रियापद अकर्मक झाले असून अवयव जखडला गेला, हालेनासा झाला असा त्याचा अर्थ आहे. जे दुसऱ्याने धरलेले असताना वेदना देईल, ते कोणीही न धरता वेदना देऊ लागले, हे या प्रयोगामागील निरीक्षण असावे. शक्य प्रयोगात ‘मला आता पिशवी धरवत नाही’ असेही म्हटले जाते. तेथे इच्छा असूनही सामर्थ्य उरलेले नसते. धरणे, धरवत नसणे आणि धरले जाणे या तीन रूपांत माणसाच्या सामर्थ्याच्या तीन अवस्था व्यक्त होतात.

विचारव्यवहार : गृहीत धरणे व ‘धरून’

तर्काच्या भाषेत ‘गृहीत धरणे’ हा प्रयोग अनिवार्य आहे. ‘गृहीत’ हे ‘ग्रह्’ या धातूचे कर्मणी भूतकालवाचक रूप असून त्याचाही अर्थ घेतलेले, धरलेले असाच आहे. म्हणजे जे आधीच धरले आहे ते पुन्हा धरणे, असा हा दुहेरी प्रयोग झाला. संशोधनात एखादे विधान गृहीत धरून पुढे जाणे ही मान्य पद्धती आहे. मात्र तेथे आपण काय गृहीत धरले आहे हे प्रारंभीच सांगावे लागते. कौटुंबिक व्यवहारात हे पथ्य पाळले जात नाही. घरातील स्त्रीचे श्रम, तिचा वेळ, तिची संमती गृहीत धरली जाते आणि तसे धरल्याचे कोणी उच्चारतही नाही. ‘मला गृहीत धरू नका’ हे वाक्य आज अनेक घरांत ऐकू येते. मागणी एवढीच आहे की, जे न विचारता धरले आहे ते विचारून धरावे.

‘धरून’ हे अव्ययीभूत रूपही लक्षणीय आहे. ‘आजचा दिवस धरून तीन दिवस’ येथे ते समावेश दाखविते. ‘विषयाला धरून बोला’, ‘नियमाला धरून निर्णय घ्या’ येथे ते अनुसरण दाखविते. ‘एकमेकांना धरून राहा’ येथे ते ऐक्य दाखविते. ‘जबाबदार धरणे’, ‘दोषी धरणे’, ‘ग्राह्य धरणे’ हे प्रयोग निर्णयाचे आहेत. न्यायनिवाड्याच्या भाषेत कोणाला कशासाठी धरले जाते, यावर माणसांचे भवितव्य ठरते.

सार्वजनिक जीवन : धरण, धरणे आणि वेठीस धरणे

पाणी अडविण्याच्या रचनांसाठी मराठीत ‘बंधारा’ व ‘धरण’ असे दोन शब्द प्रचलित आहेत. एक ‘बंध’ म्हणजे बांधणे या अर्थाच्या शब्दापासून आला, दुसरा धरणे या अर्थाच्या शब्दापासून. धुळे व नाशिक परिसरातील पारंपरिक फड पद्धतीत नदीवर बंधारे घालून पाणी पाटांनी शेतीकडे वळविले जात असे आणि त्याची वाटणी लाभधारक शेतकरी एकत्रितपणे करीत. बंधारा पाण्याची पातळी उंचावून त्याला वळण देतो. धरण पाण्याचा मोठा साठा करून ठेवते. साठा जितका मोठा, तितकी बुडणारी जमीनही मोठी. म्हणूनच ‘बंधाराग्रस्त’ असा शब्द रूढ झाला नाही. ‘धरणग्रस्त’ हा मात्र झाला. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. धरण पाणी धरते आणि माणसे ग्रासली जातात, हे सत्य या सामासिक शब्दात नोंदविले गेले आहे.

पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे मुंबईला वीज पुरविण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही लोकपदवी याच लढ्यामुळे मिळाली. धरण अखेरीस झालेच. परंतु बुडणाऱ्या गावाचाही काही हक्क असतो, ही जाणीव त्या लढ्याने रुजविली. स्वातंत्र्योत्तर काळात राज्यात अनेक मोठी धरणे झाली, त्यांनी शेती व शहरे यांना पाणी दिले आणि त्याबरोबरच विस्थापितांचे प्रश्नही उभे केले. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. कायदा होऊनही पर्यायी जमीन, पाणी व नागरी सुविधा यांसाठी धरणग्रस्तांना वारंवार आंदोलने करावी लागली, आणि त्या आंदोलनांचे एक प्रमुख साधन होते ‘धरणे’.

‘धरणे’ ही आंदोलनपद्धती आधुनिक नाही. देणेकऱ्याच्या दारात सावकाराने वा थकलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदाराच्या दाराशी अन्नपाणी वर्ज्य करून बसण्याची प्रथा भारतात पूर्वापार होती. मराठा लष्कराच्या छावणीतील अशा प्रसंगांचे वर्णन ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मधील अनुभवांवर आधारित पत्रांत केले आहे. बसणाऱ्याच्या उपवासाचे पाप दारच्या मालकास लागेल, ही श्रद्धा या प्रथेच्या मुळाशी होती. देवापुढे धरणे धरण्याची रीतही याच जातीची. वह्या इंद्रायणीत बुडविल्यानंतर तुकाराम महाराज नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस निराहार बसले, असे वारकरी परंपरा सांगते. ते धरणे देवाच्या दारचे होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने मात्र ही प्रथा गुन्ह्याच्या कक्षेत आणली. दैवी कोपाची भीती घालून कृती करावयास लावण्याविषयीच्या कलम ५०८ खालील पहिल्याच दृष्टांतात दुसऱ्याच्या दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचा उल्लेख होता. ही संहिता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या अंमलामुळे इतिहासजमा झाली.

दैवी कोपाची भीती मागे पडली, तरी धरणे उरले. आज धरणे धरणारा जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अथवा मुंबईच्या आझाद मैदानात बसतो. त्याच्या हातात दोरी नसते, शस्त्रही नसते. तो कोणालाही धरत नाही. केवळ स्वतःची जागा धरतो. धरण्यात धरणारा स्वतः गुंतून राहतो, हे या क्रियापदाचे मूळ लक्षण या ठिकाणी पूर्णत्वाने प्रकट होते. त्याचे बळ त्याच्या तेथे असण्यातच असते आणि तो उठला की ते बळही संपते.

याच संदर्भात ‘वेठीस धरणे’ या प्रयोगाचा विचार करणे अगत्याचे आहे. वेठ म्हणजे मोबदल्यावाचून सक्तीने करून घेतलेले काम. सरकारी अंमलदाराने वा जमीनदाराने गावातील माणसाला वेठीस धरावे, त्याच्याकडून ओझी वाहून घ्यावीत, अशी ती रीत होती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली आणि १९७६ च्या केंद्रीय कायद्याने वेठबिगार पद्धती रद्द केली. मूळ अर्थाने वेठीस धरला जाणारा होता श्रमिक आणि धरणारा होता सत्ताधारी. आजच्या वृत्तपत्रीय भाषेत मात्र कर्मचाऱ्यांनी संप केला की ‘संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले’ असा मथळा दिला जातो. म्हणजे ज्याच्यासाठी हा शब्दप्रयोग निर्माण झाला, त्याच्याच विरुद्ध तो वापरला जात आहे. संपामुळे सामान्य नागरिकांची गैरसोय होते हे नाकारता येत नाही. तथापि गैरसोय आणि वेठ या दोन गोष्टी एक नव्हेत. शब्दाचा इतिहास विसरला गेला की, कर्ता व कर्म यांची अदलाबदल कोणाच्या लक्षातही येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘धरणे’ या क्रियापदाचे विविध अर्थ सुटे नसून संबंध टिकवून ठेवणे, सुटू न देणे या एका केंद्राभोवती ते विस्तारले आहेत. दुसरी, क्षणिक ‘पकडणे’ व साधनावर सोपविलेले ‘बांधणे’ यांहून ‘धरणे’ वेगळे आहे. कारण त्यात कालावधी आहे आणि धरणाऱ्याचे गुंतून राहणेही आहे. तिसरी, विभक्ती व प्रयोग यांच्या बदलाने हे क्रियापद जबाबदारी, निवड, असहायता अशा सूक्ष्म छटा व्यक्त करते. चौथी, धरण, धरणे व वेठीस धरणे या सार्वजनिक प्रयोगांत सत्ता व सामान्य माणूस यांच्या संबंधांचा इतिहास साठलेला आहे.

शालेय व महाविद्यालयीन स्तरावर वाक्प्रचार शिकविताना ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ एवढ्यावरच भागविले जाते. त्याऐवजी एकच क्रियापद घेऊन त्याचे घरातील, शेतातील, बाजारातील व वृत्तपत्रांतील प्रयोग विद्यार्थ्यांकडून गोळा करविल्यास व्याकरण आणि समाज यांचा अभ्यास एकाच वेळी होऊ शकेल. ग्रामीण भागातील विद्यार्थी ‘दारे धरणे’ वा ‘बहार धरणे’ यांसारखे प्रयोग वर्गात घेऊन येईल, तेव्हा त्याची बोली प्रमाणभाषेपुढे उणी नसून तिच्यात भर घालणारी आहे, याचा प्रत्यय त्याला स्वतःलाच येईल. कोशात नोंदलेला शब्द पुस्तकाबरोबर टिकतो; जिभेवरचा शब्द मात्र बोलणाऱ्यांनी धरून ठेवला तरच टिकतो.